टॉर्शन बार गेले, सॉलिड अ‍ॅक्सल आला: तळकोकणातल्या एका कामाचा रिव्ह्यू

वेल्डिंग दहापैकी आठ, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सात, स्टिअरिंग तीन. तळकोकणातल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) घालून बांधलेल्या पिकअपचा निकाल आधीच सांगून टाकतो. असलं काम करून घ्यायच्या विचारात असलेली बहुतेक मंडळी अ‍ॅक्सल कुठला, लिफ्ट किती, टायर केवढा एवढंच विचारतात. गाडी सरळ चालणार की नाही हे मात्र पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्सचा हलता दांडा) पलीकडच्या नकलपर्यंतच्या (चाक वळवणारा सांधा) तीनेक फुटांत ठरतं, आणि तिथे वाकून कोणी बघत नाही.

शेडचं नाव आणि गाडीचं मॉडेल देत नाही. का, ते कायद्याच्या परिच्छेदात येईल. गाडी डबल केबिन, डिझेल, फोर बाय फोर. मूळची रचना पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलू देणारे दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब), मागे पाटे. पुढचं सगळं काढून तिथे जुन्या पाटेवाल्या जीपचा अ‍ॅक्सल बसवलाय: फुल फ्लोटिंग, क्लोज्ड नकल, फ्री व्हील हबसहित (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब). चाकाचे बोल्ट पाच, त्यांच्या वर्तुळाचा व्यास 139.7 मिमी म्हणजे बरोबर साडेपाच इंच. जुन्या जीप आणि जिप्सीचं माप हेच, त्यामुळे रिम शोधत फिरावं लागलं नाही. टायर 31 इंची. बिल 2 लाख 85 हजार, टायर सोडून. त्यात मजुरी लाखाच्या आतबाहेर, बाकी माल.

आधी हे काम कोकणात हवंच कशाला, ते बोलू. सॉलिड अ‍ॅक्सलचा खरा फायदा एकच: एक चाक वर गेलं की त्याच दांड्यावरचं दुसरं चाक खाली दाबलं जातं. जांभ्याच्या सड्यावर, कातळाच्या पायऱ्यांवर, बंद पडलेल्या चिरेखाणीत उतरताना हा फरक लगेच कळतो. विशबोनवाली गाडी तिथे तीन चाकांवर उभी राहते आणि चौथं हवेत गरगरतं. पाणंदीत मात्र उलटं होतं. दोन्ही बाजूंना गडगे, मधे गवताची वरंबी, चाकोऱ्या खोल. तिथे दांड्यावरचा डिफरन्शियल (चाकं फिरवणाऱ्या गिअरचा फुगीर डबा) नांगरासारखा वरंबीतून ओढला जातो. या गाडीला डिफरन्शियलखाली मोजून 228 मिमी मिळाले. चाकाच्या मध्यापासून जमीन साधारण 385 मिमी, त्यातून डिफरन्शियलचा पोटाकडचा भाग वजा करा, आकडा तेवढाच येतो. मूळ गाडीत 215 होते. म्हणजे एवढा खटाटोप करून पदरात पडले 13 मिमी, आणि त्यातला वाटाही टायरचाच जास्त. ‘क्लिअरन्ससाठी सॉलिड अ‍ॅक्सल’ म्हणणाऱ्याला हे आधी दाखवावं.

पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलात तर चांगले मड टायर आणि मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) हे दोनच या सगळ्या कामाच्या पुढे जातात. खर्च निम्म्याहून कमी, आणि चेसिसला ग्राइंडर लागत नाही. कातळ आणि खाण हाच नाद असेल तर पुढे वाचा.

शेडने अ‍ॅक्सल निवडताना दोन गोष्टी नीट पाहिल्या, त्याचं श्रेय द्यायला हवं. पहिली बाजू. विलीजच्या घराण्यातल्या जीपचा पुढचा डिफरन्शियल उजवीकडे, म्हणजे आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला असतो. ट्रान्सफर केसचं (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी) पुढचं तोंडही त्याच बाजूला हवं. या गाडीत ते होतं. नसतं तर? काहीजण ‘अ‍ॅक्सल पालथा घालू’ असं सुचवतात. पालथा घातलेल्या अ‍ॅक्सलची चाकं उलटी फिरतात, म्हणजे मागची चाकं गाडी पुढे ढकलणार आणि पुढची मागे ओढणार. असा सल्ला देणाऱ्याकडे पंक्चर काढायलाही गाडी देऊ नका.

दुसरी गोष्ट रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. नाहीतर फोर बाय फोर टाकल्यावर दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात, आणि आधी ट्रान्सफर केसची चेन किंवा गिअर जातो, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा). जीपच्या घराण्यात 43 ला 8 म्हणजे 5.38 आणि 39 ला 8 म्हणजे 4.88 असे दात सापडतात. आजच्या डिझेल पिकअपचा आकडा त्याहून बराच कमी असतो. या गाडीचा मागचा 41 ला 10, म्हणजे 4.10. जुना अ‍ॅक्सल 4.88 चा निघाला, म्हणून शेडने पुढे 4.10 चा क्राउन-पिनियन सेट (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) घातला. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो आणि नंतर अंगावर येतो, तेव्हा आधीच विचारा. खात्री करायला डिफरन्शियल उघडावा लागत नाही. गाडी न्यूट्रलला, एक चाक टेकवलेलं, दुसरं जॅकवर, हब लॉक केलेले. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. आलेला आकडा म्हणजे रेशो. इथे चार फेरे आणि वर थोडंसं आलं. बरोबर.

आता चेसिस. टॉर्शन बार काढताना आधी त्याचा ताण उतरवायचा असतो. अ‍ॅडजस्टिंग बोल्ट नुसता सोडून बारची किल्ली ठोकून काढणारे आहेत. त्या किल्लीत गाडीच्या पुढच्या निम्म्या वजनाचा पीळ साठलेला असतो, ती सुटली तर हाड मोडते. पुलर लावूनच ताण उतरवावा. शेडकडे पुलर होता. टॉर्शन बारचा मागचा क्रॉसमेंबर कापण्याआधी गिअरबॉक्सचा आधार त्यावर आहे का तेही पाहावं लागतं. इंजिनखालचा विशबोनचा क्रॉसमेंबर गेला की चेसिसच्या दोन पट्ट्या पुढच्या बाजूला मोकळ्या पडतात, स्टिअरिंगच्या प्रत्येक झटक्याला त्या पत्त्यांसारख्या सरकतात. इथे बदली म्हणून पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाट्याचं टोक चेसिसला धरणारा आधार) रेषेत अडीच इंची जाड पाइप आरपार टाकलाय. योग्य.

हँगर 8 मिमी प्लेटचे, त्यामागे चेसिसला 6 मिमीची फिशप्लेट (बळकटीची पट्टी). फिशप्लेटची टोकं निमुळती, हिऱ्याच्या आकाराची कापलेली आहेत, हे पाहून बरं वाटलं. चौकोनी तुकडा लावून त्याच्या उभ्या कडेला वेल्ड मारला तर ती रेष चेसिसला चिरेसारखी आडवी छेदते आणि दोन पावसाळ्यांत बरोबर त्याच रेषेवर तडा जातो. वेल्डिंग सीओटूचं, एकसारखं, कडेला खाच नाही. एक तक्रार मात्र आहे. तपासणीआधीच सगळ्यावर काळा अंडरबॉडी रंग मारून ठेवलेला होता. काळ्या रंगाखाली काय आहे ते देवाला माहीत. पैसे देण्याआधी रंग नको असं स्पष्ट सांगा, आणि हँगर व पर्चचे वेल्ड डाय पेनिट्रंटने तपासून घ्या. तीन स्प्रे कॅन येतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल रंग मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, क्लीनर लावलेल्या कापडाने पुसा, पांढरा मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. इथे चार जागी रंग खरवडून पाहिलं, रेघ आली नाही. म्हणून आठ गुण.

पाट्याचा पर्च, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा पाटा बसायचा कट्टा, हा खरा कसोटीचा भाग. डिफरन्शियलच्या बाजूचा पर्च ओतीव भागाच्या इतका जवळ येतो की अर्धा त्यावरच बसतो. ओतीव भागाला साध्या रॉडने वेल्ड केलं तर थंड होतानाच ‘टिक’ असा आवाज येतो आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. निकेल रॉड, आधी भाग गरम करणं, नंतर राखेत किंवा कांबळ्यात हळूहळू निववणं, हीच रीत. इथे ओतीव भाग टाळून पर्चला ट्यूबवरच लांब पाय दिलेत, ही युक्ती आवडली. ट्यूबवर मात्र एका दमात लांब वेल्ड मारलाय. अशाने ट्यूब वाकते. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये (चाकाचा आत-बाहेर झुकाव) अर्ध्या अंशाचा फरक आला, तो बहुधा यातूनच. इंच-दीड इंचाचे तुकडे, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, मधे हात टेकवता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. वेळ दुप्पट लागतो, पण ट्यूब सरळ राहते.

पाटे जीपचे नाहीत, हे चांगलं. पिकअपचं डिझेल इंजिन जुन्या जीपच्या इंजिनापेक्षा जड, त्यावर विंच आणि लोखंडी बंपर. जीपचे पाटे सहा महिन्यांत सपाट होतात. शेडने पाटे बांधून घेतले, पण किती वजनासाठी, याला उत्तर ‘अंदाजान’. अंदाज कशाला? चिरेखाणीच्या वाटेवर वजनकाटा असतोच. पुढची दोनच चाकं काट्यावर घ्या, टाकी भरलेली, दोन माणसं आत, विंच लावलेला. तो आकडा पाटेवाल्याला द्या. या गाडीचा पुढचा भाग मागच्याच्या तुलनेत दोन बोटं खाली बसलाय. आणखी एक पाटा वाढवावा लागेल.

पुढचा दांडा पूर्ण दाबावर बंप स्टॉपला (रबरी अडसर) टेकला असताना तो आणि चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं पात्र) यांच्यात निदान 25 मिमी मोकळी जागा हवी. पुढच्या दांड्यावर चेंबर आपटलं तर इंजिनातलं सगळं तेल सड्यावर. शेडने अ‍ॅक्सल मूळ जागेपेक्षा 20 मिमी पुढे घेऊन ही जागा काढली. टायर आता पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला लागतो, तो कापावा लागेल, पण चेंबर वाचलं. तपासायची सोपी पद्धत: एका बाजूचा पाटा काढून टाका, अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत नेऊन ठेवा आणि चेंबर, स्टार्टर, एक्झॉस्ट, ब्रेक पाइप यांच्यामधून बोट फिरवा. बोट अडकलं तिथे उद्या लोखंड अडकणार.

शॅकल (पाट्याचं सरकतं टोक धरणारी झुलती कडी) मागे आहे, हँगर पुढे. जुन्या जीपमध्ये शॅकल पुढे असे. ही उलटी मांडणी चालताना मऊ लागते, कारण खड्ड्यात चाक मागे सरकायला वाव मिळतो. त्याची किंमत प्रोपेलर शाफ्ट मोजतो. त्याची स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता जोड) जास्त सरकते. इथे स्प्लाइनचा सरकाव मोजून 48 मिमी भरला, हवा होता 65 ते 75. पूर्ण लोंबल्यावर स्प्लाइन जेमतेम तीन बोटं आत राहते. लांब स्लिप योकचा शाफ्ट करून घ्यावा. टांगत्या चाकावर गॅस दिला की असा शाफ्ट सुटून बाहेर येतो आणि पहिला दणका ट्रान्सफर केसला बसतो.

आता स्टिअरिंग, म्हणजे तीन गुणांचा भाग.

मूळ गाडीला रॅक आणि पिनियन होता. सॉलिड अ‍ॅक्सलला तो चालत नाही, कारण रॅक चेसिसवर आणि अ‍ॅक्सल खाली नाचणार. म्हणून जुन्या मालवाहू गाडीचा रिसर्क्युलेटिंग बॉलवाला पॉवर बॉक्स आणून उजव्या पट्टीवर बसवलाय. तिथून ड्रॅग लिंक (जोडदांडा) डाव्या नकलला. विचार बरोबर आहे. लिंक लांब आणि आडवी असेल तितकी अ‍ॅक्सल वर-खाली होताना स्टिअरिंग कमी हलतं. गडबड अशी की गाडी 90 मिमी उंचावली, पण नकलवरचा आर्म तिथेच खाली राहिला. त्यामुळे लिंक आडवी न राहता घसरगुंडीसारखी तिरकी झालीय. उपाय म्हणून लांब, खाली वाकवलेला पिटमन आर्म लावलाय. त्याने तिरकेपणा थोडा कमी होतो, पण बॉक्सच्या शाफ्टवरचा पीळ वाढतो. बरोबर उपाय नकलवर उंच स्टिअरिंग आर्म करणं हाच आहे. त्यासाठी नकलच्या वरच्या टोपीचं मशिनिंग लागतं, आणि तिथे शेडने हात आखडता घेतला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे लेथचं काम होतं. दोन टोप्या पाठवायला घाट ओलांडायचा कंटाळा, बाकी काही नाही.

तिरकेपणाचा परिणाम पाहायचा असेल तर इंजिन चालू, चाकं सरळ, एकाने पुढच्या बंपरवर उड्या मारायच्या आणि दुसऱ्याने नुसतं स्टिअरिंगकडे बघायचं, हात लावायचा नाही. या गाडीचं चक्र प्रत्येक उडीला घड्याळातल्या दोन-तीन मिनिटांएवढं फिरतं. चांगल्या कामात ते नखभर हलतं.

बॉक्स चेसिसला चार बोल्टने आवळलाय. चेसिस पोकळ डबी आहे. बोल्ट आवळला की डबी दबते, मग बोल्ट ढिला, मग पुन्हा आवळणं, आणि काही महिन्यांत भोकाभोवती तारेसारखा तडा. प्रत्येक बोल्टला आरपार पाइपची स्लीव्ह वेल्ड करून मगच आवळायला हवा. इथे स्लीव्ह नाहीत. विचारल्यावर उत्तर आलं, ‘होतला’. ‘होतला’ हे उत्तर कोटेशनमध्ये लिहून घेता येत नाही.

मग कास्टर. सोप्या भाषेत: किंगपिनची (नकल जिच्याभोवती वळतं ती खीळ) वरची बाजू मागे झुकलेली हवी, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखी. त्यामुळे चाक आपोआप सरळ येतं. मोठ्या टायरच्या अशा गाडीला 4 ते 6 अंश ठेवतात. इथे गाडी पूर्ण वजनावर उभी असताना डावीकडे 2, उजवीकडे अडीच भरला. म्हणजे गाडी भटकणार आणि वळणानंतर चक्र हाताने परत आणावं लागणार. खाणीच्या खाजगी रस्त्यावर ताशी 50 ला गेलं की खड्ड्यानंतर पुढची चाकं दोन-तीन सेकंद थरथरतात. याला वॉबल म्हणतात. याच्यावर स्टिअरिंग डँपर लावून दिला की थरथर दडते, जात नाही.

मग कास्टर वाढवा ना! इथेच गंमत आहे. पाट्याखाली पोलादी पाचर घालून अ‍ॅक्सल फिरवला तर कास्टर वाढतो, पण त्याच वेळी मागे बघणारं पिनियनचं नाक खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. एकाच दांड्यावर दोन्ही आहेत, एक सुधारलं की दुसरं बिघडतं. खरा उपाय ट्यूबच्या टोकाचे नकलचे गोळे वेल्ड कापून फिरवणं. ते काम पर्च वेल्ड करण्याआधी करायचं असतं. शेडने आधी पर्च पक्के केले, मग गाडी जमिनीवर उतरवली, मग कोन मोजला. क्रम उलटा. पर्च टॅकवर (तात्पुरत्या ठिपक्या वेल्डवर) ठेवायचे, सगळं वजन चढवायचं, गाडी पुढे-मागे ढकलून पाटे बसू द्यायचे, कोन मोजायचे, मगच पक्का वेल्ड. असलं काम देणार असाल तर हे एक वाक्य करारात घाला.

सध्यापुरता तोडगा: 2 अंशांची पोलादी पाचर (ॲल्युमिनियमची नको, ती पाट्याखाली चिरडते) आणि फ्री व्हील हब मोकळे ठेवून चालवणं. हब मोकळे असतील तर पुढचा शाफ्ट फिरतच नाही, कोन वाईट असला तरी कुरकुर नाही. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) 2 मिमी ठेवा. दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढून, पुढे आणि मागे टेपने मोजलं तरी काम भागतं.

टाय रॉडची टोकं म्हणून शेडने उघडे रॉड एंड वापरलेत, ते स्पर्धेच्या गाड्यांवर दिसतात तसले चकचकीत. कोकणात ही चूक. खारं वारं, त्यात जांभ्याची भुकटी. एका पावसाळ्यात ते खुळखुळ्यासारखे वाजतील. रबरी बूट असलेले साधे टाय रॉड एंड इथे जास्त टिकतात, स्वस्त आहेत आणि सावंतवाडीपासून पेणपर्यंत कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतात.

ब्रेकबद्दल थोडक्यात. जीपचे पुढचे ड्रम काढून डिस्क बसवल्यात, हे उत्तम, कारण लाल गाळ ड्रममध्ये शिरला की शू आरशासारखे गुळगुळीत होतात. कॅलिपरचा ब्रॅकेट 10 मिमीचा, बोल्ट हाय टेन्साइल. ब्रेकचा रबरी पाइप मात्र पूर्ण लोंबलेल्या चाकावर, स्टिअरिंग टोकाला वळवल्यावर ताणला जातो. तो दोन इंच लांब हवा. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा नव्याने लावावा लागतो. गाडी उचलल्यावर चेसिस आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर वाढतं, व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा, आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. आंब्याच्या पेट्या भरून उतारावर ते कळायला नको. इथे दांडा जुन्याच जागी आहे.

आता क्लोज्ड नकल. नकलचा गोळा आणि त्याच्याभोवती फेल्टची सील, आत ग्रीस आणि चाक फिरवणारा क्रॉस. व्हाळातून चार-पाच वेळा गाडी नेऊन झाल्यावर डाव्या नकलच्या खालच्या टोपीचा बोल्ट सैल केला. आधी दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग तांबूस गाळ, शेवटी ग्रीसची एक गुठळी. वाटीभर सगळं मिळून. कारण दोन. फेल्ट जुनी, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं छिद्र) मूळ जागीच, अ‍ॅक्सलवर. उन्हात तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढून घेते. ब्रीदरला साधा रबरी पाइप लावून बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत नेला की निम्मा त्रास संपतो. खर्च वडापाव-चहाएवढा. तरी शेड विसरली, आणि गिऱ्हाइकानेही विचारलं नाही. मिरगाच्या आधी फेल्ट बदला, अ‍ॅक्सलमध्ये ईपी 90 तेल भोकातून ओघळेपर्यंत, नकलमध्ये ग्रीस अर्ध्याच्या थोडं वर. ग्रीस गनने ठासून भरलं तर सीलच बाहेर येते. किंगपिनच्या बेअरिंगला ढिलाई नको, घट्टपणाही नको. टाय रॉड काढून नकल स्प्रिंग काट्याने ओढून पाहतात, दोन्ही बाजूंचा जोर सारखा यायला हवा. जिथे कमी, तिथली एक शिम (पातळ चकती) काढा. यू बोल्ट जुने वापरू नका आणि पहिल्या शंभर, मग पाचशे किलोमीटरला पुन्हा आवळा.

गंजाचा बंदोबस्त ढिला आहे. हँगरच्या डब्यांना पाणी निघायला भोक नाही. 10-12 मिमीचं भोक सर्वात खालच्या कोपऱ्यात पाडा, आत झिंक प्रायमर, वर पातळ मेण. समुद्राकडून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा. समुद्राकडून म्हणजे रस्त्याने आल्यावर. पुळणीवर ही गाडी नेऊ नये. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि भरतीच्या ओल्या वाळूत रुतलेली दोन टनी पिकअप काढायला शेवटी ट्रॅक्टरच येतो.

लवचिकता तपासण्यासाठी रॅम्प नव्हता, म्हणून एकावर एक चिरे रचून वर फळी टाकली (ओला चिरा टोकाच्या वजनाखाली खचतो, फळी हवीच). पुढचं डावं चाक त्यावर चढवत नेलं. दुसरं कुठलंही चाक उचललं जाण्याआधी 470 मिमी उंची गाठली. पिकअपसाठी हा आकडा जोरदार आहे. हे काम ज्या कारणासाठी केलं, ते कारण इथे पुरेपूर वसूल होतं. कातळावर गाडी बसक्या मांजरीसारखी चालते, बॉडी जवळजवळ आडवी, चाकं आपापली खड्डे शोधतात. म्हणूनच स्टिअरिंगचा राग जास्त येतो.

कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीमधल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. 2019 च्या दुरुस्तीने कलम 182अ (4) आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजारांचा दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला तर दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. एमएच 07 असो, 08 असो की 06, आरटीओसमोर ही गाडी उभी करता येणार नाही, म्हणूनच शेडचं आणि मॉडेलचं नाव दिलं नाही. ही गाडी कलमबागेत, खाणीत आणि खाजगी जागेवरच्या ऑफरोडला वापरली जाते, तिथपर्यंत दुसऱ्या गाडीवर लादून नेली जाते. रोजच्या रस्त्यावर कारखान्यातूनच सॉलिड अ‍ॅक्सल हवा असेल तर जिमनी आहे, दोन्हीकडे रिजिड अ‍ॅक्सल आणि कॉइल, कागदपत्रं स्वच्छ. तिच्या मागे आंब्याच्या पेट्या मावत नाहीत, एवढंच.

शेडकडे परत जाल का, या प्रश्नाचं उत्तर हो, पण अटींवर. लोखंडकाम तिथे करा. अ‍ॅक्सल, पाटे, हँगर, डिस्कचे ब्रॅकेट. नकल फिरवणं आणि उंच आर्म कोल्हापुरातून मशिनिंग करून आणून द्या, स्लीव्ह आणि टॅकवर वजनाची अट कागदावर घ्या, काळा रंग शेवटी. एवढ्याने बिल वीस-पंचवीस हजारांनी वाढेल. सांगितलेल्या तारखेत तीन आठवडे मिळवा. काम श्रावणात दिलंत तर आणखी दोन मिळवा, कारण गणपतीत शेड दीड आठवडा बंद असते आणि त्यानंतरचा पहिला आठवडा चाकरमान्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात जातो.